अभ्यास मुरू द्या

मागच्या फेब्रुवारीतली गोष्ट. पहाटे साडेचारच्या सुमारास पारनेर भागातला एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन अपघात विभागात आला. मुलगी बारावी विज्ञान शाखेची. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) अभ्यासाला बसलेली असताना तिला चक्कर आली आणि ती खाली कोसळली. नाडी जलद, रक्तदाब कमी, ओठ कोरडे. सलग तिसरी रात्र जागून काढलेली. पोटात चहा आणि बिस्किटांशिवाय काही नाही. सलाईन लावलं, साखर तपासली, हृदयाचा आलेख काढला. काळजीचं काही नव्हतं. सकाळपर्यंत ती सावरली.

राउंडला गेलो तेव्हा वडील म्हणाले, "साहेब, पोरीच्या डोक्यात राहतच नाही. रात्र-रात्र वाचते. एखादी ताकदीची बाटली लिहून द्या, कितीची का असंना."

मुलगी हळूच म्हणाली, "सर, रात्री वाचलं तेव्हा सगळं येत होतं. सकाळी पुस्तक मिटलं की काहीच आठवत नाही."

तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत दर परीक्षेच्या हंगामात मी हे वाक्य ऐकत आलो आहे. त्याचं उत्तर बाटलीत नाही. निरोगी मुलाची स्मरणशक्ती वाढवतं असं खात्रीने सिद्ध झालेलं एकही टॉनिक मला माहीत नाही. उत्तर आहे ते वेळापत्रकात, आणि ते फुकट आहे. तोच अभ्यास, तेवढेच तास, पण एका दमात न करता मध्ये दिवस सोडून, तुकड्या-तुकड्यांनी केला तर तो जास्त टिकतो. शिकण्याच्या शास्त्रात इतक्या वेळा आणि इतक्या प्रकारे तपासून पाहिलेली गोष्ट दुसरी क्वचितच असेल.

१४० वर्षांपूर्वीचा प्रयोग

जर्मनीतल्या हर्मान एबिंगहाऊस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्मरणशक्तीवर एक छोटं पुस्तक प्रसिद्ध केलं. प्रयोगाला माणूस एकच, तो स्वतः. अर्थ असलेले शब्द आधीच्या ओळखीमुळे सोपे जातात, म्हणून त्याने अर्थहीन अक्षरगटांच्या याद्या केल्या, त्या पाठ केल्या आणि किती वेळाने किती विसरलो याची नोंद ठेवली. त्यातून निघालेला विस्मरणाचा आलेख आजही शिकवला जातो. पाठ केलेल्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांत आणि पहिल्या एका दिवसातच निसटतो. पुढे निसटण्याचा वेग मंदावतो.

त्याच पुस्तकात आणखी एक निरीक्षण आहे. बारा अक्षरगटांची यादी त्याने एका दिवसात ६८ वेळा म्हटली. दुसऱ्या खेपेला तशीच यादी तीन दिवसांत वाटून फक्त ३८ वेळा म्हटली. दोन्हींचा फायदा जवळपास सारखाच निघाला. म्हणजे मेहनत जवळजवळ निम्मी आणि फळ तेवढंच.

एका माणसाचा अनुभव सर्वांना लागू होईल का, ही शंका रास्त आहे. म्हणून पुढच्या शतकात शेकडो प्रयोग झाले. २००६ मध्ये निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी अशा १८४ शोधनिबंधांचा एकत्रित आढावा घेतला. निष्कर्ष तोच निघाला. २००८ मध्ये याच गटाने १,३५० हून अधिक लोकांना काही अपरिचित माहिती शिकवली, ठरावीक दिवसांनी तिची एकदा उजळणी करून घेतली आणि त्यानंतर काही काळाने परीक्षा घेतली. परीक्षा आठवड्याने असेल तर एका दिवसाच्या अंतराने केलेली उजळणी सर्वांत फायद्याची ठरली. परीक्षा ३५ दिवसांनी असेल तर ११ दिवसांच्या अंतराने केलेली, आणि वर्षभराने असेल तर सुमारे तीन आठवड्यांच्या अंतराने केलेली. जितका जास्त काळ लक्षात ठेवायचं, तितकं उजळणीतलं अंतर मोठं हवं.

मेंदूला वेळ का लागतो?

आपण नवं काही शिकतो तेव्हा मेंदूतल्या पेशींमधले जोड बदलतात. सुरुवातीचा बदल तात्पुरता असतो. तो पक्का होण्यासाठी पेशीला नवी प्रथिनं तयार करावी लागतात, काही ठिकाणी नवे जोड उभे करावे लागतात. या बांधकामाला तास लागतात, दिवस लागतात. एरिक कँडेल यांनी ऍप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगायीवर हे दाखवलं. एकदाच दिलेला 'धडा' ती थोड्याच वेळात विसरली. विश्रांती देत, काही दिवसांत वाटून दिलेला धडा मात्र तिच्यात आठवडे टिकला आणि तिच्या चेतापेशींमधले जोडही वाढलेले दिसले. या कामासाठी कँडेल यांना २००० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

माणसात यात झोपेची भर पडते. दिवसा शिकलेलं आधी हिप्पोकॅम्पस या भागाच्या मदतीने धरून ठेवलं जातं. झोपेत मेंदू त्याची पुन्हा जुळणी करतो आणि मेंदूच्या बाह्य थरात ते हळूहळू पक्कं होतं. चार दिवसांत वाटून अभ्यास करणाऱ्याला मध्ये तीन रात्रींची झोप मिळते. एका रात्रीत सगळं उरकणाऱ्याला एकही नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना हे समजवायला मला सोपं जातं. ढगफुटीसारखा पाऊस आला की ओढे-नाले भरून वाहतात आणि चार दिवसांनी विहीर कोरडी ती कोरडीच. हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धीने वर्षानुवर्षं हेच दाखवून दिलं, की पाऊस किती पडला यापेक्षा मुरला किती हे महत्त्वाचं. अभ्यासाचंही तसंच आहे. त्या मुलीने तीन रात्री भरपूर पाऊस पाडला होता, पण मुरायला वेळ दिला नव्हता.

परवचा, संथा आणि सबक

ही पद्धत आपल्याला नवी नाही. पूर्वी दिवेलागणीला घरोघरी मुलं परवचा म्हणायची. शुभं करोति झालं की पाढे, मग पावकी, निमकी, दिडकी. रोज दहा-पंधरा मिनिटं, पण वर्षानुवर्षं. माझ्या आजोबांना ऐंशीव्या वर्षी काल रात्रीचं जेवण आठवत नसे, पण 'सतरा दिडे' विचारलं की उत्तर तोंडावर असायचं.

गेल्या डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचं नाव देशभर झालं ते अशाच पाठांतरामुळे. १९ वर्षांच्या देवव्रत महेश रेखे यांनी वाराणसीत शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेतल्या सुमारे २,००० मंत्रांचं दंडक्रम पारायण ५० दिवसांत पूर्ण केलं. 'एवढं लक्षात राहतं तरी कसं?' असं तेव्हा अनेकांनी मला विचारलं. अशा असामान्य यशामागे वैयक्तिक कष्ट असतातच. पण वेदपाठशाळांची पारंपरिक रीतही पाहण्यासारखी आहे. गुरू थोड्या भागाची संथा देतात, विद्यार्थी ती पुन्हा-पुन्हा म्हणतो, नव्याबरोबर जुन्याची आवृत्ती रोज चालू राहते. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा प्रकारांत तेच शब्द वेगवेगळ्या क्रमाने पुन्हा भेटतात. ठरावीक तिथींना अनध्याय असतो, त्या दिवशी नवा पाठ नसतो.

मदरशात कुराण मुखोद्गत करणाऱ्या मुलांचा दिवसही असाच तीन भागांत वाटलेला असतो. सबक म्हणजे आजचा नवा भाग, सबकी म्हणजे अलीकडे झालेला भाग आणि मंझिल म्हणजे जुन्या भागाची फिरती उजळणी. या दोन परंपरांचा एकमेकींशी संबंध नाही, पण वाट एकच सापडली. ज्यांना पुस्तक न पाहता हजारो ओळी सांभाळायच्या होत्या, त्यांना थोडं नवं, रोज जुनं आणि मध्ये अंतर यावाचून गत्यंतर नव्हतं.

आपण मात्र परवचा बंद केला आणि त्याच्या जागी परीक्षेआधीचं जागरण आणलं. समजून न घेता केलेली घोकंपट्टी वाईटच. पण तिच्यावर टीका करता-करता आपण उजळणीही टाकून दिली. उजळणी हा शब्दच बोलका आहे. पितळेचं भांडं एकदा तासभर घासून वर्षभर चकचकीत राहत नाही. अधूनमधून हात फिरवावा लागतो.

कळत असून वळत का नाही?

कारण एकगठ्ठा अभ्यास करताना खूप छान वाटतं. तोच धडा तिसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि 'हे येतंय' असा भास होतो. ओळखणं आणि आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावच्या जत्रेत माणूस समोर आला की आपण चेहरा ओळखतो, पण नाव आठवत नाही. परीक्षेत चेहरा नाही, नाव विचारतात.

१९७८ मध्ये ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी ब्रिटनच्या टपाल कर्मचाऱ्यांवर केलेला अभ्यास या बाबतीत डोळे उघडणारा आहे. त्यांना नवा कळफलक शिकायचा होता. एका गटाने रोज एकच तास सराव केला, दुसऱ्याने रोज दोन-दोन तासांची दोन सत्रं. रोज एक तास करणाऱ्यांना कळफलक शिकायला एकूण सुमारे ३५ तास लागले, चार तास करणाऱ्यांना सुमारे ५०. तरीही आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराज होते ते रोज एक तासवालेच! त्यांना वाटत होतं, आपण मागे पडतोय.

अंतर ठेवून उजळणी करताना थोडं विसरलेलं असतं. आठवायला डोक्याला ताण द्यावा लागतो, चुकतं, चिडचिड होते. मुलाला वाटतं आपण ढ आहोत, आई-वडिलांना वाटतं अभ्यास झालेला नाही. खरं तर ते अर्धवट विसरलेलं ओढून बाहेर काढण्याची धडपड हाच व्यायाम आहे. न्यायला जड वाटणारा डंबेलच दंड बनवतो.

म्हणूनच नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवणं जास्त उपयोगी. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला एक उतारा चारदा वाचायला दिला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि तीनदा न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चारदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर त्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के.

डॉक्टरांनाही हाच नियम

हे उपदेश मुलांपुरते आहेत असं कुणी समजू नये. काही वर्षांपूर्वी मी हृदय बंद पडल्यावर करायच्या प्रथमोपचाराचं, म्हणजे सीपीआरचं, दिवसभराचं प्रशिक्षण घेतलं. संध्याकाळी पुतळ्यावर उत्तम करून दाखवलं, प्रमाणपत्र मिळालं. वर्षाने पुन्हा पुतळ्यासमोर उभा राहिलो तेव्हा छाती दाबण्याचा वेग कमी पडत होता आणि खोलीही. मिनिटाला १०० ते १२० दाब आणि किमान पाच सेंटिमीटर खोली हे आकडे मला तोंडपाठ होते. हात मात्र विसरले होते. पुतळ्याच्या जागी माणूस असता तर? त्या विचाराने मी त्या रात्री नीट झोपलो नाही. ही कौशल्यं काही महिन्यांतच ढासळू लागतात हे जगभर दिसून आलं आहे. म्हणून आता मी आमच्या वॉर्डातल्या सिस्टर आणि इंटर्न मुलांबरोबर महिन्यातून एकदा दहा मिनिटं पुतळ्यावर सराव करतो.

टोरांटोत २००६ मध्ये ३८ शिकाऊ शल्यचिकित्सकांना बारीक रक्तवाहिन्या जोडायला शिकवण्यात आलं. सर्वांना चारच सत्रं. निम्म्यांना ती एका दिवसात, निम्म्यांना आठवड्याला एक. महिन्याने परीक्षा घेतली तेव्हा बहुतेक कसोट्यांवर आठवड्यावाले सरस ठरले.

रुग्णांच्या बाबतीतही तेच. दम्याच्या रुग्णाला पंप ओढायला किंवा मधुमेहीला इन्सुलिन टोचायला आपण एकदा शिकवतो आणि विसरून जातो. तोही विसरतो. 'औषध लागू पडत नाही' म्हणून परत आलेल्या कितीतरी रुग्णांचं औषध बरोबर असतं, पद्धत चुकलेली असते. म्हणून प्रत्येक भेटीत 'दाखवा बरं कसं घेता' असं विचारणं हाही उपचाराचाच भाग आहे.

हातात महिना-दीड महिना असेल तर

बोर्डाच्या परीक्षा तोंडावर आहेत. अजूनही उशीर झालेला नाही. मी माझ्या ओळखीतल्या मुलांना सांगतो ती पद्धत अशी:

– एक धडा नीट समजून वाचला की तारीख लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं, मग तीन-चार दिवसांनी, मग दहा-बारा दिवसांनी त्याच्याकडे परत या. कॅलेंडरवर पेन्सिलने खूण पुरते, ॲपची गरज नाही.

– परत येताना आधी पुस्तक उघडू नका. कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहा, आकृती काढा. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने भरा. पुढच्या वेळी त्या लालपासून सुरुवात करा.

– एका दिवशी एकच विषय धरून बसू नका. दोन-तीन विषय आलटून-पालटून घ्या. गणितात एकाच प्रकारची वीस उदाहरणं ओळीने सोडवण्यापेक्षा वेगवेगळ्या प्रकरणांतली मिसळून सोडवा. अमेरिकेतल्या फ्लोरिडात सातवीच्या ५४ वर्गांवर हे करून पाहिलं. महिन्याने अचानक घेतलेल्या चाचणीत मिसळून सराव केलेल्या मुलांना ६१ टक्के गुण पडले, ओळीने सराव केलेल्यांना ३८.

– किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते. परीक्षेच्या काळातही सात-आठ तासांच्या खाली येऊ नका.

– आई-वडिलांनी 'किती तास बसलास?' असं विचारण्याऐवजी 'परवा काय शिकलास, सांग बरं' असं विचारावं. विषय कळत नसला तरी चालतं. मूल सांगताना अडखळलं की त्याचं त्यालाच कळतं काय राहिलंय. आणि अडखळलं म्हणून रागावू नका.

उद्याच पेपर असेल आणि आजवर पुस्तक उघडलंच नसेल, तर आज रात्री वाचल्याचा उद्यापुरता उपयोग होईल, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण पुढच्या वर्षी, प्रवेश परीक्षेत किंवा नोकरीत त्यातलं फारसं हाती राहणार नाही. मध्ये नुसता खंड पडणं म्हणजे अंतर ठेवून अभ्यास नव्हे, हेही लक्षात घ्या. ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर फडावर जाणाऱ्या मुलांचा अभ्यास चार-पाच महिने तुटतो. त्यांना परतल्यावर कुणीतरी मागचं आठवून द्यायला हवं, नाहीतर ते अंतर राहत नाही, खड्डा होतो.

आधी तपासणी, मग वेळापत्रक

'लक्षात राहत नाही' या प्रत्येक तक्रारीचं उत्तर वेळापत्रक नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय असल्याचं दिसलं. रक्त कमी असलं की थकवा येतो, लक्ष लागत नाही. त्या मुलीचं हिमोग्लोबिनही साडेआठ निघालं. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी ती वहीत दाबून ठेवायची, कारण 'मळमळतं'. जेवणानंतर घेतली तर बहुतेकींना ती सोसते. डोळ्यांचा नंबर, कमी ऐकू येणं, थायरॉइड आणि मनाची उदासी या गोष्टीही पाहायला हव्यात. मूल गप्प-गप्प झालं, जेवण-झोप बिघडली, 'जगून काय उपयोग' असं बोलू लागलं तर थांबू नका. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीतून बोलता येतं.

त्या सकाळी मी वडिलांना बाटली लिहून दिली नाही. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि डिस्चार्जच्या कागदामागे मुलीला उरलेल्या दिवसांचा तक्ता काढून दिला. फार दिवस उरले नव्हते. तिला हवे होते तेवढे गुण पडले नाहीत, हेही सांगायला हवं. वडील पुढे एकदा भेटले तेव्हा जरा नाराजच होते.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलं आमच्याकडे वॉर्ड पाहायला आली, तेव्हा त्यांत ती दिसली. ॲप्रनच्या खिशात पोस्टकार्डाएवढ्या कागदांचा गठ्ठा होता, रबरबँड लावलेला. एका बाजूला औषधाचं नाव, दुसऱ्या बाजूला मात्रा आणि दुष्परिणाम. तिने गठ्ठा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सर, कुठलंही काढा आणि विचारा. वरचे सोडून विचारा, ते कालच केलेत."